विषय : अधिकार मिळणेबाबत

नवी दिल्ली स्टेशनातून पहाडगंजच्या बाजूने बाहेर पडलं, की दोन मिनिटांत चार माणसं तुमच्या मदतीला धावतात. पहिला सांगतो, तुमचं हॉटेल बंद पडलंय, माझ्याबरोबर चला. दुसरा सांगतो, तिकिटाची खिडकी आज उघडणारच नाही, माझ्या ऑफिसात चला. तिसऱ्याला तुमची बॅग उचलायची असते आणि चौथ्याला ती तुम्हाला न सांगता उचलायची असते. या चौघांना चुकवून जो गट शाली, नारळ आणि फायलींच्या पिशव्या सांभाळत बाहेर येतो, तो माझा. त्या रांगेतला पाचवा मी. पहिल्या चौघांत आणि माझ्यात फरक एवढाच, की ते पावती देत नाहीत आणि मी पोच मिळवून देतो.

माझा धंदा थोडक्यात सांगायचा तर असा : नगरपालिका, महापालिका, जिल्हा परिषदा, ग्रामपंचायती यांना कायद्यात जे बदल हवे असतात, ते मसुद्यात बसवायचे आणि दिल्लीत योग्य त्या कानापर्यंत न्यायचे. अमेरिकेत ही भरभक्कम नोकरी आहे. तिथल्या शहरांची नॅशनल लीग ऑफ सिटीज ही संघटना १९२४ पासून आहे, वॉशिंग्टनमध्ये तिचं कार्यालय आहे, आणि पगार घेऊन खासदारांचे उंबरठे झिजवणाऱ्याला तिथे कायद्याने नाव नोंदवावं लागतं. आपल्याकडे असल्या नोंदणीचा कायदाच नाही. त्यामुळे मी नेमकं काय करतो हे सरकारला ठाऊक नाही, आणि सरकारलाच ठाऊक नाही म्हटल्यावर माझ्या सासऱ्यांना तरी का असावं? ते नातेवाइकांना सांगतात, "जावई दिल्लीत असतो. संसदेजवळ." पहाडगंज संसदेजवळ आहे हे खरंच, स्कूटरवाल्याला पटवता आलं तर.

ऑफिस मेन बाजाराच्या एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. खाली चामड्याच्या बॅगांचं दुकान, मधे हॉटेल, वर मी. घरमालकाने बरेच दिवस माझ्यावर नजर ठेवली. दर पंधरवड्याला पांढऱ्या कपड्यातली दहाबारा माणसं जिना चढतात, वर पेढे वाटतात, शाली काढतात, फोटो होतात आणि सगळे हसतमुखाने उतरतात. शेवटी एकदा त्याने मला बाजूला घेतलं.

"भाई साहब, मेरी भतीजी के लिए भी कोई अच्छा लड़का देखो ना."

मी त्याला विवाह जुळवत नाही, केंद्र-राज्य-स्थानिक संबंध जुळवतो असं समजावलं. तो म्हणाला, "एक ही बात है. दहेज कितना मिलता है?" मी त्याला पंधराव्या वित्त आयोगाचा आकडा सांगितला : २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी देशभरातल्या स्थानिक संस्थांना ४,३६,३६१ कोटी रुपये. त्या महिन्यापासून त्याने माझं भाडं वाढवलं.

पहाडगंजच का, असंही लोक विचारतात. एक तर स्टेशन हाताशी. दुसरं म्हणजे इथे मराठी माणसाला परकं वाटत नाही. नूतन मराठी शाळा इथली, बृहन्महाराष्ट्र भवन इथलं. महाराष्ट्र सदनं दिल्लीत दोन आहेत, एक कोपर्निकस मार्गावर आणि दुसरं कस्तुरबा गांधी मार्गावर, पण मंत्री, आमदार, सचिव यांच्यामागून नगरसेवकाचा नंबर यायचा म्हणजे तोवर त्याची मुदत संपायची. आणि तिसरं कारण सगळ्यांत मोठं : इथे खरेदी होते. शिष्टमंडळाची बॅग येताना निवेदनांनी भरलेली असते. जाताना ती भरायला काहीतरी लागतंच.

शिष्टमंडळ येण्याआधी फोन येतो.

"साहेब, झेलमने निघालोय."

"कोण कोण?"

"अध्यक्ष, उपाध्यक्ष, पाणीपुरवठा सभापती, बांधकाम सभापती, विरोधी गटाचा एक, पत्रकार एक, आणि आपले ठेकेदार."

"ठेकेदार कशाला?"

"असं काय विचारता? तिकिटं त्यांनीच काढलीत."

"काम किती दिवसांचं धरू?"

"एका सकाळचं. दुपारी संसद बाहेरून बघू, रात्री जम्मूची गाडी. इथवर आलोच आहोत तर वैष्णोदेवी."

म्हणजे राज्यघटनेतली दुरुस्ती मला नाश्ता आणि जेवण यांच्यामध्ये बसवायची असते.

पाणीपुरवठा सभापती हा माणूस पहाडगंजच्या हॉटेलात उतरला की नळ कोरडा पडतो, हा नियतीचा नियम आहे. एका जानेवारीत सकाळी सहा वाजता असेच एक सभापती अंगाला साबण लावून जिन्यात आले आणि त्यांनी काउंटरवरच्या पोराला विचारलं, "पानी कब आता है?" पोरगा मान वर न करता म्हणाला, "जब आता है, तब आता है." सभापती थंडीने कुडकुडत होते, पण डोळ्यांत चमक आली. मागे वळून स्वीय सहायकाला म्हणाले, "हे लिहून घ्या. पुढच्या सर्वसाधारण सभेत वापरता येईल."

मग निवेदन. ते गावाहून पेन ड्राइव्हवर येतं, श्रीलिपीत. पहाडगंजच्या टायपिंगवाल्याच्या संगणकावर ते उघडलं की पानभर चौकोन उमटतात. एकदा वेळ इतका कमी होता, की अध्यक्ष म्हणाले, "असंच छापा. खाली सही-शिक्का आहे ना? वाचतंय कोण?" मी व्यावसायिक बाण्याने नकार दिला. सगळा मजकूर पुन्हा टाइप केला, हिंदी केलं, इंग्रजी केलं, तीन प्रती काढल्या. तो कोणी वाचला नाही, ही गोष्ट वेगळी.

मागण्यांचा क्रम ठरलेला. पहिली मागणी : घटनेच्या बाराव्या अनुसूचीतले अठराही विषय निधी आणि कर्मचारीवर्गासह नगरपालिकांच्या स्वाधीन करावेत. मधे कुठेतरी बसस्थानकाचं सुशोभीकरण. शेवटची : अध्यक्षांच्या प्रभागात हायमास्ट. वरून खाली वाचत गेलं, की घटनेपासून निघालेला माणूस सावकाश उतरत उतरत मुतारीच्या फरशीपर्यंत येतो.

त्या अठरा विषयांची गंमत मी प्रत्येक शिष्टमंडळाला सांगतो. शहरांना अधिकार देणारं पहिलं विधेयक १९८९ मध्ये राज्यसभेत पडलं. पुढे डिसेंबर १९९२ मध्ये चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती मंजूर झाली आणि १ जून १९९३ पासून लागू झाली. त्यात नगररचना आहे, पाणी आहे, रस्ते आहेत, अग्निशमन आहे. स्मशानभूमी आणि गुरांचे कोंडवाडेही आहेत. फक्त यांतलं काय द्यायचं आणि काय नाही, ते राज्याने ठरवायचं. राज्यांनी मग शांतपणे विचार केला. जमिनीला भाव आहे, तेव्हा नगररचना जमेल तितकी आपल्याकडे किंवा प्राधिकरणांकडे राहू दिली. स्मशान आणि कोंडवाडा यांच्या बाबतीत मात्र त्यांनी जी उदारता दाखवली, तिला तोड नाही. आजवर कोणत्याही राज्याने कोंडवाड्यासाठी हट्ट धरल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आता भेटीगाठी. पहिला अडथळा नारळाचा. मोठ्या भवनाच्या फाटकावर यंत्रातून पिशव्या जातात आणि पडद्यावर गोल गोल काहीतरी दिसतं.

"ये क्या है?"

"श्रीफळ."

"क्या फल?"

"नारियल. सत्कारासाठी."

"नारियल अंदर नहीं जाएगा. फेंककर मार दिया तो?"

अध्यक्ष दुखावतात. "आम्ही मारायला नाही, मागायला आलोय." पण जवान ऐकत नाही. शाली आत जातात, नारळ बाहेर राहतात, आणि ते पहाडगंजला परत न्यायची जबाबदारी माझी. आमच्या घरात वर्षभर नारळाच्या वड्या असतात. एवढ्या प्रमाणात सार्वजनिक जीवनाचा लाभ घेणारं कुटुंब दिल्लीत दुसरं नसेल.

खासदारांच्या बंगल्यावर आपल्याला पीए भेटतात. मी त्यांच्यापुढे पर्याय मांडतो. शून्य प्रहरात बोलता येईल. नियम ३७७ खाली मुद्दा देता येईल. प्रश्न विचारता येईल. लोकसभेत प्रश्नांच्या दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्नांची यादी लागते, त्यात आपला एक सहज मावेल. नाहीतर खासगी विधेयक. ते म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेलं विधेयक. त्याची चर्चा शुक्रवारी दुपारी, म्हणजे निम्मं सभागृह विमानतळाच्या वाटेवर असताना. स्वातंत्र्यानंतर अशी चौदा विधेयकं कायदा झाली. शेवटचं १९७० मध्ये.

"म्हणजे पंधरावं आपलं!" बांधकाम सभापती टाळी मागतात.

या माणसाचा आशावाद बघून मला भरून येतं. बांधकाम समिती त्यांच्याकडे का दिली असावी, हेही कळतं.

प्रश्न विचारला तर उत्तर येतंच, आणि ते मला पाठ आहे : स्थानिक शासन हा राज्यसूचीतील नोंद ५ प्रमाणे राज्याचा विषय आहे. पुढे केंद्राच्या योजनांची यादी. हे उत्तर इतकं पक्कं आहे, की कोणत्याही पक्षाचं सरकार आलं तरी त्यातलं स्वल्पविरामचिन्हसुद्धा हलत नाही. देशात सर्वपक्षीय एकमत होत नाही, असं म्हणणाऱ्यांनी हे उत्तर वाचावं.

मंत्रालयातले सहसचिव मात्र फार सभ्य माणूस. कोणतंही मंत्रालय घ्या, सहसचिव सभ्यच असतात. चहा येतो, बिस्किटं येतात. एकदा विदर्भातल्या एका नगराध्यक्षा आल्या होत्या. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांना आहेत. तेव्हापासून दिल्लीत येणाऱ्या शिष्टमंडळांत 'अध्यक्षपती' हे घटनेत नसलेलं पदही असतं. सहसचिवांनी विचारलं, "अध्यक्ष कौन हैं?" पती म्हणाले, "मैं. मतलब, ये." आणि बोलायला लागले. दहा मिनिटांनी ते श्वास घ्यायला थांबले, तेवढ्यात बाई म्हणाल्या,

"साहेब, एकच सांगा. आम्हाला अधिकार कोण देणार?"

"राज्य सरकार, मॅडम."

"ते म्हणतात, पैसे केंद्राकडे आहेत."

"पैसे हम देते हैं, मॅडम. राज्य के ज़रिए."

"म्हणजे अधिकार त्यांनी अडवायचा, पैसे तुम्ही त्यांच्याकडे द्यायचे, आणि गटार आम्ही काढायची?"

सहसचिवांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग बाईंपुढे बिस्किटांची बशी सरकवली. "मॅडम, आपने बहुत अच्छा मुद्दा उठाया." माझ्या धंद्यात हे वाक्य कानावर आलं, की पर्स आणि फायली उचलायच्या असतात. भेट संपलेली असते.

निवेदनावर त्यांनी सुंदर अक्षरात शेरा मारला : उचित कार्यवाहीसाठी राज्य शासनाकडे. इथून त्या कागदाचा जो प्रवास सुरू होतो, तो आमच्या वैष्णोदेवीवाल्यांपेक्षा लांबचा असतो. दिल्लीहून तो मुंबईला, नगरविकास विभागात. तिथून जिल्हाधिकारी कार्यालयात. तिथून, 'वस्तुस्थितीदर्शक अहवाल सात दिवसांत सादर करावा' असा शिक्का घेऊन, नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांकडे. मुख्याधिकारी तो देतात ज्या लिपिकाने मुळात टाइप केला होता, त्याच लिपिकाला. तो स्वतःचं लेखन ओळखतो, गहिवरतो आणि अहवाल लिहितो : 'सदर मागणी रास्त असून शासनस्तरावरून कार्यवाही होणे अपेक्षित आहे.' कागद पुन्हा वर निघतो. असे काही कागद मी म्हातारे होताना पाहिले आहेत.

पण शिष्टमंडळाला त्याचं काही नाही. त्यांना दोन गोष्टी हव्या असतात : फोटो आणि पोच. निवेदनाच्या प्रतीवर आवक विभागाचा गोल शिक्का बसला, की ठेकेदारसुद्धा हळवे होतात. "घेतली ना पोच?" हा प्रश्न जिन्यात, लिफ्टमध्ये, रिक्षात, छोले-भटुऱ्यांच्या पहिल्या घासाला, सगळीकडे विचारला जातो. दुसऱ्या दिवशी गावच्या पेपरात बातमी : 'नगराध्यक्षांची दिल्लीत धडक, मागण्यांबाबत सकारात्मक चर्चा.' चर्चा सकारात्मक झाली नाही, अशी बातमी अजून कोणत्याही शिष्टमंडळाबद्दल छापून आलेली नाही. सोबत आणलेल्या पत्रकाराचं भाडं त्यातच वसूल होतं.

या धंद्यात मत असून चालत नाही. महाराष्ट्रात २०१६ मध्ये ठरलं, की नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा. २०२० मध्ये ठरलं, की नको, नगरसेवकांनीच निवडायचा. २०२२ मध्ये पुन्हा ठरलं, की लोकांनीच बरा. माझ्या कपाटात त्यामुळे दोन टिपणं कायम तयार असतात : 'थेट निवडीचे फायदे' आणि 'थेट निवडीचे धोके'. एकदा एकाच गृहस्थांनी चार वर्षांच्या अंतराने दोन्ही नेली. दुसऱ्या वेळी म्हणाले, "हे जास्त अभ्यासपूर्ण वाटतं." वाटणारच. त्या वेळी ते हरले होते.

आणि मग आला प्रशासकांचा काळ. निवडणुका रखडल्या. मुंबई महापालिकेवरच मार्च २०२२ पासून प्रशासक बसले ते जवळजवळ चार वर्षं. राज्यभर तीच कथा. डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या आणि जानेवारी २०२६ मध्ये महापालिकांच्या निवडणुका झाल्या, तोवर माझ्या जिन्यावर शुकशुकाट. घरमालक हळहळला, "शादी का सीज़न नहीं है क्या?" एका प्रशासकांना मीच फोन केला, या म्हटलं दिल्लीला, अधिकार मागू. ते म्हणाले, "अहो, मी राज्य सरकारचा अधिकारी. राज्याने जे अधिकार नगरपालिकेला द्यायला हवेत, ते माझ्याकडेच आहेत. मी कोणाकडून मागू?" त्या काळात स्थानिक स्वराज्य किती सुरळीत चाललं होतं! मागणारा आणि अडवणारा एकाच खुर्चीत, त्यामुळे भांडण नाही, खर्च नाही, झेलमची तिकिटं नाहीत.

दिल्लीची तरी काय वेगळी गोष्ट? इथल्या महापालिकेचे २०१२ मध्ये तीन तुकडे झाले, २०२२ मध्ये संसदेने कायदा करून ते पुन्हा एक केले. पहाडगंजच्या माणसाने झोपेत कूस बदलावी आणि महापालिका बदललेली असावी. इथला महापौर एका वर्षाचा असतो. आमच्याकडचे अडीच वर्षांचे महापौर हे ऐकतात, तेव्हा प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसतं. "बघा," ते एकमेकांना म्हणतात, "राजधानीत ही अवस्था!" दिल्लीहून रिकाम्या हाताने परतणाऱ्याला एवढा दिलासा पुरतो.

रात्री गाडीची वेळ होईपर्यंत शिष्टमंडळ माझ्या ऑफिसात बसतं. शेंगदाण्याची चटणी निघते आणि विकेंद्रीकरणावर खरी चर्चा होते. अध्यक्ष म्हणतात, "सत्ता खाली आली पाहिजे. मुंबईत बसून आमच्या गावचा रस्ता ठरवणारे हे कोण?" सगळे माना डोलावतात. अशाच एका रात्री मी सहज विचारलं, "महाराष्ट्राच्या कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभा आहे. नगरसेवकाने आपल्या भागातल्या मतदारांना बोलावायचं, कामं त्यांनी सुचवायची. तुमच्याकडे झाली का कधी?"

खोलीत इतकी शांतता पसरली, की खालच्या बॅगवाल्याचा भाव ऐकू आला.

"क्षेत्रसभा घेतली तर लोक येतील ना," उपाध्यक्ष म्हणाले.

"त्यासाठीच असते ती."

"आणि बोलतील."

"बोलतीलच."

"मग आम्हाला कशाला निवडून दिलंय?"

अध्यक्षांनी विषय मिटवला. "हे बघा, लोक अजून तेवढे तयार नाहीत. आधी त्यांना शिक्षण द्यावं लागेल. निधीचाही प्रश्न आहे. तुम्ही एक निवेदन द्या, आम्ही सकारात्मक विचार करू."

त्याच दिवशी सकाळी हेच, असंच, याच क्रमाने सहसचिवांनी त्यांना ऐकवलं होतं. फक्त बिस्किटं नव्हती.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे, आणि या धंद्यातलं एवढं एकच मत मी बाळगून आहे. सत्ता खाली यावी असं या देशात प्रत्येकाला मनापासून वाटतं. केंद्राकडून राज्याकडे यावी असं राज्याला वाटतं, राज्याकडून नगरपालिकेकडे यावी असं नगराध्यक्षांना वाटतं. ती आपल्यापर्यंत आली, की तिने दमून तिथेच बसावं, एवढीच माफक अपेक्षा असते. एक पायरी खालच्या माणसाची तयारी नेहमीच कमी पडते. याला पक्ष नाही, प्रांत नाही. माझ्या ऑफिसातला पोऱ्या म्हणतो, साहेब, शिक्का माझ्याकडे द्या, मी मारत जाईन. मी त्याला सांगितलं, तू अजून तेवढा तयार नाहीस.

म्हणून वाचकहो, एक करा. या आठवड्यात तुमच्या नगरसेवकाला गाठा आणि विचारा, क्षेत्रसभा कधी घेताय? उत्तर सकारात्मक मिळेल, तेव्हा हुरळून जाऊ नका. तारीख लेखी मागा आणि पोच घ्या. आणि ते म्हणालेच, की दिल्लीला विचारून सांगतो, तर कृपा करून त्यांना माझा पत्ता देऊ नका. घरात नारळ ठेवायला आता जागा नाही.